एल्डन रिंग : मार्गिट हरत नसेल तर हा क्रम करून बघा

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधला मार्गिट हा सुरुवातीचा मोठा शत्रू (बॉस). लक्षण असं: मार्गिट काठी वर उचलतो, मी वार चुकवायला लगेच लोळतो, काठी हवेत थबकते आणि मी उठताक्षणी डोक्यात बसते. लेव्हल वाढवली, ढाल बदलली, लांबून बाण मारले, काही उपयोग नाही. मालवणात आषाढातला पाऊस, त्यात सारखी लाईट जाणार. तीन रात्री अक्षरशः रडकुंडीला आलो.

चूक धाकट्या भावाने पकडली. मागे बसून बघत होता. म्हणाला, "दादा, काठी वर नेता तेवाच कित्याक लोळतंस? खाली येता तेवा लोळ."

आधी चर्च ऑफ एले या गेममधल्या पडक्या चर्चमधल्या ऐरणीवर तलवार +३ (तीन पायऱ्या वर) केली. साध्या शस्त्राला पहिल्या प्रतीचे एकूण १२ स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) लागतात. तिथेच रेना नावाची चेटकीण घंटा आणि तीन लांडग्यांची राख देते; या दोन्हींनी लढाईत मदतीला लांडग्यांचे आत्मे बोलावता येतात. ती भेटली नाही तर दोन्ही वस्तू राउंडटेबल होल्ड या गेममधल्या तळावर विकत मिळतात. मग मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेस या लुटारूला हरवून जिवंत सोडलं आणि त्याच्याकडून ५,००० रून्सना (गेममधलं चलन) मार्गिटची बेडी घेतली.

मार्गिटच्या आखाड्याच्या धुक्याच्या दाराजवळच्या सोनेरी खुणेवरून रॉजियर या गेममधल्या साथीदाराला बोलावलं. आत शिरताच, मार्गिट अंगावर यायच्या आधी, घंटा वाजवून लांडगे सोडले. त्यांना ५५ एफपी (जादूचे गुण) लागतात, तेवढे शिल्लक हवेतच. तो लांडग्यांकडे वळला की बेडी वापरायची: तो जमिनीला खिळतो, तेवढ्यात पाठीवर वार. बेडी दोनदाच चालते, तीही पहिल्या टप्प्यात, म्हणून दुसऱ्या टप्प्यात त्याचा हातोडा निघायच्या आत दोन्ही वेळा वापरून टाका. हातोडा निघाल्यावर फक्त काठीकडे नजर, आणि मागे नाही, त्याच्या अंगाकडे लोळायचं.

दुसऱ्याच प्रयत्नात पडला. एक लांडगा शेवटपर्यंत टिकला होता.