साधी आय-ट्वेंटी की एन लाइन?

ह्युंदाईची साधी आय-ट्वेंटी गाडी आणि तिचीच स्पोर्टी आवृत्ती एन लाइन, या दोघींत मी महिनाभर घोळ घातला. कागदावर फरक सरळ आहे: साधीला १.२ लिटरचं इंजिन, ताकद ८३ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच). एन लाइनला १ लिटर टर्बो, १२० पीएस. कागद बाजूला ठेवा. टेस्ट ड्राइव्हला घरचे चौघे बसवा, एसी लावा आणि कात्रजच्या जुन्या घाटात न्या. साधी तिसऱ्या गिअरमध्ये दमली, दुसरा टाकावा लागला. टर्बो तिसऱ्यातच चढली.

मग आईला मागे बसवून गल्लीतले स्पीडब्रेकर. एन लाइनचं सस्पेन्शन कडक. आई म्हणाली, "अरे, कंबर गेली माझी!"

रोज हडपसरच्या ट्रॅफिकमध्येच रांगायचं असेल तर साधीच घ्या. मी दर शनिवारी वाईला जातो, खंबाटकी घाट लागतो. एन लाइन घेतली. आई आता पुढे बसते.