इंदूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला जायचंय, आणि सोबत आई आहे

आईच्या गुडघ्यांमुळे आणि मावशी पुण्याला असल्यामुळे आमचं इंदूर-पुणे, इंदूर-मुंबई सारखं चालू असतं, त्यामुळे काही गोष्टी हळूहळू कळल्या त्या लिहिते. वयस्कर माणसाला घेऊन जाताना गाडी कुठली यापेक्षा बर्थ कुठला यावर सगळी रात्र ठरते, आणि बर्थ ठरतो तिकीट काढतानाच.

आधी गाड्या. मुंबईला अवंतिका, संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबई सेंट्रलला पोचवते. पुण्याची गाडी शोधताना बरेच जण गोंधळतात कारण तिचं नाव आता इंदूर-दौंड आहे, पण ती पुण्यावरूनच जाते, तेव्हा अॅपवर "इथून-तिथून" मध्ये पुणे टाका, गाडीच्या नावात पुणे शोधू नका. दोन्ही गाड्या रतलाम-वडोदरा-सुरत अशा गुजरातमधून फिरून जातात, म्हणून रस्त्याने ५८०-६०० किलोमीटर असलेली मुंबई रेल्वेने ८०० च्या वर जाते. मनमाड-इंदूर ३०९ किलोमीटरच्या नव्या लाइनला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती झाली की आपल्या इंदुरी मराठी लोकांचं माहेर-सासर खरंच जवळ येईल, मी तर तिची मनापासून वाट बघतेय.

आता तिकीट. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आधीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले, त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्याचं काढायचं असेल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि हे नीट वाचा. खालच्या बर्थचा जो कोटा आहे तो ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना आहे, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील आणि दोघंही त्यात बसत असतील तरच. मी एकदा दिवाळीत घरच्या पाच जणांचं एकच तिकीट काढलं, म्हटलं सगळे जवळजवळ येतील, आणि आईला मिळाला मिडल. ती त्या शिडीकडे बघत नुसती उभी राहिली, एक हात साखळीला, एक गुडघ्यावर, काही बोलली नाही. समोरच्या बर्थवरच्या मुलाने न सांगताच "काकू, तुम्ही इथे या" म्हणून जागा दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून आई-बाबांचं तिकीट वेगळं, कोटा ज्येष्ठ नागरिक निवडून, आणि आमचं वेगळं. डब्यात थोडं लांब बसावं लागलं तरी चालतं, लांबच्या बर्थवरून रात्री एकदा जाऊन बघून येता येतं.

नंबर बघून बर्थ ओळखायचा सोपा हिशोब आहे, नंबरला ८ ने भागा, बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. डब्याच्या दोन्ही टोकांचे नंबर टाळा, रात्रभर दार आणि बाथरूमची ये-जा असते, मधले ३३ ते ४० च्या आसपासचे बरे. साइड लोअर आरएसीला (म्हणजे बसायला जागा पक्की पण पूर्ण बर्थ नाही, अशा तिकिटाला) दोघांत वाटतात, आणि पूर्ण मिळाला तरी दोन सीट पाडून जो बर्थ होतो त्याच्या मधला सांधा पाठीला टोचतो, तिथे जाड चादरीची दुहेरी घडी घालायची.

ऑनलाइन तिकीट चार्ट (गाडी सुटण्याआधीची शेवटची यादी) झाल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप कॅन्सल होऊन पैसे परत येतात, त्यावर गाडीत चढू नका, विशेषतः वयस्कर माणसाला घेऊन तर नाहीच. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसी सकाळी १० ला आणि स्लीपर ११ ला, आणि त्यासाठी अकाउंटला आधार जोडलेलं लागतं, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा, ऐन वेळी ओटीपीची वाट बघत बसलं की जागा गेल्या.

स्लीपर की थर्ड एसी? डिसेंबर-जानेवारीत माळव्याची थंडी खिडकीच्या फटीतून आत येते आणि स्लीपरमध्ये पांघरूण मिळत नाही, म्हणून आईसाठी मी थर्ड एसीच घेते. स्लीपरनेच जायचं असेल तर शाल, कानटोपी, मोजे वरच्या पिशवीत, सुटकेसच्या तळाशी नाही.

डबा घरचाच. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी, आणि वर थोडी शेव. दशमी दुधात भिजवलेली असते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. अवंतिकेत रतलामच्या आसपास जेवून घ्यायचं म्हणजे नंतर आवराआवर शांतपणे होते. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ धरलेली आहे, त्या वेळात मिडलवाला बर्थ उघडायला म्हणाला तर नाही म्हणता येत नाही, म्हणून दहाच्या आधी आईला बाथरूमला नेऊन आणायचं.

झोपताना तिचा चष्मा डबीत घालून उशीच्या खोळीत, चपला एका पिशवीत घालून बर्थखाली भिंतीकडे (नाहीतर सकाळी एक या टोकाला, एक त्या टोकाला), औषधं आणि पाण्याची बाटली हाताशी. बॅग बर्थखालच्या कडीला साखळीने बांधा. फोन जागेपणीच चार्ज करून घ्या, रात्री ११ ते ५ पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे. काही अडलं तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

आणि उतरायचं कुठे ते आधीच ठरवा. बोरिवली-अंधेरीकडे जायचं असेल तर अवंतिकेने बोरिवलीला उतरा, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. कल्याण-डोंबिवलीचे नातेवाईक असतील तर मात्र पुण्याची गाडी घ्या, ती वसई रोडवरून कल्याणला जाते, पहाटे पोचते, तेव्हा भाच्याला रात्रीच फोन करून सांगून ठेवा की स्टेशनवर ये, आजीला जिना चढायचाय.