घर चाकांवर असताना सण आणि छोटंसं लग्न कसं करावं

गाडीतच राहायला लागल्यावर पहिल्या सणाला आम्ही एक चूक केली. सणाच्या दिवशीही गाडी चालवत राहिलो. "संध्याकाळपर्यंत पोचू, मग निवांत करू," असं म्हणत निघालो आणि रात्री नऊ वाजता एका बंद पंपामागे, गार होणाऱ्या इंजिनाची टिकटिक ऐकत दोघंही गप्प बसलो होतो. सजावटीची पिशवी सीटखालून निघालीच नाही. तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे: सणाच्या दोन रात्री आधी गाडी एका जागी लागलेली पाहिजे. लग्न असेल तर निदान पाच रात्री आधी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावरच उभ्या आहेत.

पायरी 1: आधी मुक्काम, मग तारीख

सुट्ट्यांच्या दिवसांत कॅम्पसाइट आधीच भरलेल्या असतात, गॅस भरून देणारे बंद असतात आणि पाणी भरायच्या जागी रांग असते. म्हणून सणाच्या चार-पाच दिवस आधी एक फेरी या कामासाठीच मारायची. ताजं पाणी भरून घ्या, सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट (खालची, बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) रिकामी करा, सिलिंडर बदला, इंधन भरा. मुक्कामाची जागा ठरवताना निसर्गसौंदर्य शेवटी बघा. आधी पाणी, मग फोनचं सिग्नल, मग वाऱ्यापासून आडोसा.

तारखेबद्दल एक सोयीचं सत्य सांगते. ज्यांच्यासोबत सण करायचा ती माणसं ज्या दिवशी भेटतात तो सणाचा दिवस धरला, तर निम्मी धावपळ वाचते. चार दिवस पुढेमागे झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. थकलेल्या अंगाने तारीख गाठली, तर मात्र सण बिघडतो.

पायरी 2: गाडीला किती झेपतं ते आकड्यांत बघा

वीज. 12 व्होल्टच्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 1,200 वॉट-तास असतात. बॅटरी लेड-अॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. एलईडीची एक माळ पाच वॉट घेते असं धरलं, तर ती सहा तास लावली तरी 30 वॉट-तास खर्च होतात, म्हणजे काहीच नाही. पण 1,500 वॉटचा हीटर इन्व्हर्टरवर लावलात, तर लेड-अॅसिड बॅटरीतले ते निम्मे अर्ध्या तासाच्या आत संपतात. थोडक्यात, दिवे हवे तेवढे लावा. बॅटरीवर ऊब तयार करायच्या भानगडीत पडू नका. माळाही यूएसबीवर किंवा 12 व्होल्टवर चालणाऱ्याच घ्या. दोन माळांसाठी इन्व्हर्टर चालू ठेवला तर तो स्वतःच माळांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी काठोकाठ भरली, भेटवस्तू चढवल्या, उसन्या खुर्च्या घेतल्या, की गाडी तिच्या कमाल वजनाच्या पुढे कधी गेली ते कळत नाही. नोंदणीच्या कागदावर किंवा दारातल्या पट्टीवर तो आकडा असतो, तो एकदा वाचा. गाडी चालू असताना माणसं फक्त पट्टे असलेल्या सीटवर. "दोनच किलोमीटर आहे, बसा मागे पलंगावर" असं कुणालाही म्हणू नका, पाहुण्यांना तर नाहीच.

पायरी 3: सजावट

सजावटीसाठी एकच पिशवी ठेवायची आणि मावेल तेवढंच तिच्यात भरायचं. आमच्या पिशवीत दोन माळा, एक कापड, कपड्यांचे चिमटे, सुतळी आणि डझनभर लोहचुंबक आहेत. चुंबक घेण्याआधी गाडीची बॉडी तपासा. पत्र्याच्या व्हॅनला ते चिकटतात, फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमच्या मोटरहोमला नाही. चिकटपट्टीने रंग आणि लॅमिनेट दोन्ही निघतं, म्हणून ती टाळलेली बरी.

काचेचं काही घेऊ नका. खऱ्या मेणबत्त्या आणि उघडी ज्योत आत अजिबात नको. पडदे, गाद्या, लाकडी अस्तर सगळं हातभरावर असतं. ज्योत हवीच असेल तर बाहेर, वारा नसताना आणि त्या भागात आग पेटवायला बंदी नाही याची खात्री करून.

पायरी 4: स्वयंपाक, गॅस आणि श्वास

इथे घाई करून चालत नाही.

सण थंडीतला असेल तर आधी सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे ते पाहा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतं, त्याचा वायू होत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत काम देतं. सिलिंडर जड लागतो आणि शेगडी मात्र पेटत नाही, असा प्रकार ऐन सणाच्या सकाळी झाला, तर बहुतेक वेळा दोष ब्यूटेनचा असतो. सिलिंडर गरम पाण्यात बुडवणं, त्याला ब्लोअर लावणं असले उपाय करू नका. बर्फाळ भागात जायचं असेल तर प्रोपेनच घ्या.

एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. त्यात सहा माणसांचा श्वास मिळवा. एकदा आम्ही दारं-खिडक्या बंद करून पाच जणांचा स्वयंपाक केला. तासाभरात पुढच्या काचेवरून पाण्याचे ओघळ डॅशबोर्डवर उतरले, छतावरून एक थेंब नेमका पाहुण्याच्या मानेवर पडला आणि सकाळी गादीची खालची बाजू ओली होती. तेव्हापासून कितीही थंडी असो, छताची खिडकी दोन बोटं आणि खालची एक झडप उघडी असते.

उघडी हवा लागते त्याचं खरं कारण वेगळंच आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि डोकेदुखी-मळमळ सुरू झाली तरी माणूस ती दमणुकीच्या खात्यावर टाकतो. शेगडीवर गाडी गरम करायची नाही. कोळशाची शेगडी विझत आली असली तरी आत आणायची नाही, झोपताना तर मुळीच नाही. दोन वेगवेगळे अलार्म लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीला. एलपीजीचा जमिनीलगत, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. सणाच्या आदल्या दिवशी दोन्हींची बटणं दाबून आवाज येतो का ते ऐका. अग्निशामक हाताशी हवा, दाराजवळ. गॅसशेगडीच्या मागच्या कपाटात नको.

मेन्यूचं सूत्र सोपं आहे: एक पदार्थ एका भांड्यात, आणि दुसरा चुलीशिवाय होणारा. उंचावर मुक्काम असेल तर प्रेशर कुकर सोबत हवाच. 3,000 मीटरवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं आणि उघड्या भांड्यात कडधान्यं तासन्‌तास शिजत बसतात. भांडी घासायला पाणी किती जातं याचा हिशेब आधी करा, मेन्यू आपोआप लहान होतो.

पायरी 5: लांबची माणसं

व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना दोन्हीकडची घड्याळं लिहून पाठवा. "संध्याकाळी सातला" एवढंच म्हणालात तर कुणाच्या सातला, हा घोळ होतोच. झूमचं फुकट खातं 40 मिनिटांनी कॉल तोडतं, म्हणून गप्पा आधी आणि मुख्य गोष्ट शेवटी असा क्रम ठेवू नका. पार्सल मागवायचं असेल तर पुष्कळ देशांत टपाल कार्यालयात तुमच्या नावावर ते ठेवून घेण्याची सोय असते. पण ठरावीक दिवसांनी ते परत जातं, म्हणून आधी मुक्काम पक्का करा आणि मगच पत्ता द्या.

पायरी 6: लग्न असेल तर कागद आणि सोहळा वेगळे करा

रस्त्यावर राहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ऐकली तरी पुरे. कायद्याने होणारं लग्न एका दिवशी, एका कार्यालयात उरकून घ्या. सोहळा तुम्हाला हवा तिथे, हवा तेव्हा. दोन्ही एकाच डोंगरमाथ्यावर जमवायचा हट्ट धरलात, तर अधिकारी, परवाना, साक्षीदार आणि हवामान हे चारही एकाच तासाला जुळावे लागतात.

कारण बहुतेक ठिकाणचे कायदे तुमचा पत्ता विचारतात, आणि तुमच्याकडे असतो गाडीचा नंबर. इंग्लंड आणि वेल्समध्ये आधी त्या भागात सात दिवस राहिलेलं असावं लागतं आणि मग किमान 28 दिवसांची नोटीस द्यावी लागते. भारतात 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात 30 दिवस मुक्काम, पुढे 30 दिवसांची नोटीस आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. डेन्मार्कमध्ये लांब मुक्कामाची अट नाही, मात्र परदेशी जोडप्याचे कागद आधी तिथल्या कुटुंब कायदा विभागाकडून तपासून घ्यावे लागतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जोडपं पुरोहित किंवा अधिकाऱ्याशिवाय स्वतःच लग्न लावू शकतं, पण तिथला परवाना 35 दिवसच चालतो आणि त्याच राज्यात वापरावा लागतो. मार्ग आखतानाच या अटी नकाशावर मांडा. कुठे महिनाभर थांबणं जमेल, कुठे नाही, ते तेव्हाच दिसतं.

जन्मदाखले, आधीचा विवाह असेल तर घटस्फोटाचे किंवा मृत्यूचे कागद, त्यांची भाषांतरं हे सगळं जलरोधक पाकिटात ठेवा आणि स्कॅन करून दुसरीकडेही. लग्न परदेशात झालं तर दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का, घ्या. 1961 च्या हेग करारातल्या देशांत या शिक्क्यावर परदेशी कागद ग्राह्य धरले जातात. तो तिथे असतानाच घेतला तर सोपं जातं; नंतर तीन देश ओलांडून मागवायचा म्हणजे नसती डोकेदुखी.

पायरी 7: जागा

रिकामी दिसली म्हणून जागा मोकळी नसते. मालकाला विचारा, होकार लेखी घ्या, साधा मेसेजही चालेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत लग्नासाठी वेगळा परवाना काढावा लागतो आणि ड्रोन उडवायला बंदी आहे. इतरत्रही संरक्षित जागांचे असे नियम असतात. हवेत सोडायचे फुगे, कागदाचा चुरा, उडते कंदील काही नको. ते गोळा करायला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कुणी जात नाही.

त्याच वेळी, त्याच जागी आदल्या दिवशी जाऊन उभे राहा. सूर्य कुणाच्या डोळ्यात जातो, वारा किती, मागचा रस्ता किती वाजतो, हे तेव्हाच कळतं. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, लावणार असाल तर खुंट्या ठोका आणि दोर बांधा. जोराच्या एका झोतात ती गाडीच्या छतावर उलटी पडते.

पायरी 8: पाहुणे किती? टॉयलेट विचारा

साधी कॅसेट 20 लिटरच्या आसपास असते. दोघांना ती दोन-तीन दिवस जाते, दहा-बारा जण आले की दुपारीच भरते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: जवळ सार्वजनिक स्वच्छतागृह नसेल तर सहाच्या वर माणसं बोलवू नका. पाहुण्यांची झोपायची सोय गावात करा, गाडीत नाही. निमंत्रणात अक्षांश-रेखांश, शेवटच्या वळणाचा फोटो आणि "इथून पुढे सिग्नल नाही, नकाशा आधी उतरवून घ्या" एवढं लिहा.

पायरी 9: कपडे, अंगठ्या आणि तो दिवस

लग्नाचे कपडे न्हाणीच्या कोपऱ्यात, झाकपिशवीत टांगून ठेवा आणि तोवर अंघोळ बाहेर करा. पलंगाखाली ठेवलेल्या कपड्याला ओल लागते.

अंगठ्यांना एक ठरलेली जागा हवी, झाकण लागणारी. एका मैत्रिणीच्या लग्नात अंगठी "फक्त एक मिनिट" ओट्यावर ठेवली आणि ती टुणकन उडून सरकत्या दाराच्या खालच्या पन्हाळीत गेली. दार अर्ध्यावर धरून, टॉर्च दातांत पकडून, मी चमच्याच्या दांड्याने उकरत बसले. वाळू निघाली, वाळकं पान निघालं, महिनाभर शोधत असलेला स्क्रू निघाला, आणि मग अंगठी. नवरा बाहेर उभा राहून हवामानावर बोलत होता.

पावसाची योजना एका वाक्यात सांगता आली पाहिजे: "पाऊस आला तर सगळे ऑनिंगखाली, तोही वाढला तर उद्या सकाळी आठ वाजता." बोलण्याची नोंद करायची असेल तर फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा, लांबून घेतलेल्या चित्रफितीत नुसता वारा ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी निघताना एकाने आत आणि एकाने बाहेर फेरी मारायची. आत छताची खिडकी, कपाटांच्या कड्या, गॅसचा कॉक. बाहेर विजेची वायर, ऑनिंग, चाकांखालचे ठोकळे आणि दारातली पायरी. आदल्या रात्री उशिरा झोपलेली माणसं ती पायरीच हमखास बाहेर विसरतात.