पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलावेत

ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा बारीक, टोचरा आवाज येऊ लागला, तर तो आवाज गाडी बनवणाऱ्यांनीच योजून ठेवलेला असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते ब्रेक पॅड. पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीला एक छोटी पोलादी जीभ असते. पॅड साधारण ३ मिलिमीटरपर्यंत झिजला की ती डिस्कला घासते आणि किंचाळायला लागते. म्हणजे थोडी सवड आहे, पण फार नाही. ‘पावसामुळे येत असेल’ म्हणून तो आवाज सोडून दिला तर नंतर पॅडची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासते, किंचाळण्याची जाड घरघर होते आणि पॅडबरोबर डिस्कचाही खर्च बोकांडी बसतो.

पावसाचा आवाज वेगळा असतो. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर केशरी गंज चढतो. तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पुसला जातो. गाडी तापल्यावर, कोरड्या रस्त्यावरही आवाज राहिला तर पॅड बघायलाच हवेत. काही महागड्या गाड्यांत पॅडला तार जोडलेला सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिथे नव्या पॅडबरोबर सेन्सरही नवा घ्यावा लागतो.

पॅड बदलणं हे काम मुळात अवघड नाही. अवघड आहे ते सावकाश करणं. गर्दीच्या दिवशी गॅरेजमध्ये जुने पॅड निघतात, नवे बसतात आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना तशाच कोरड्या राहतात; कॅलिपर सरकतो तो याच पिनांवर. मग सहा महिन्यांनी एकच पॅड झिजून संपतो. घरी काम करण्याचा खरा फायदा मला यातच दिसतो: पिना काढून पुसायला तुमच्याकडे वेळ असतो.

आधी हे बघा

हे मार्गदर्शन स्विफ्ट, वॅगन आर, टियागो अशा गाड्यांच्या पुढच्या डिस्क ब्रेकसाठी आहे. या गाड्यांना मागे ड्रम असतात, त्यात पॅड नसून ब्रेक शू असतात, आणि ते काम निराळं. मागेही डिस्क असलेल्या गाडीत मागच्या चाकांना पहिल्याच वेळी हात घालू नका. क्रेटा किंवा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांच्या काही व्हेरियंटमध्ये हँडब्रेक बटणावर चालतो. तिथे स्कॅनर (गाडीच्या संगणकाशी बोलणारं यंत्र) जोडून कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या स्थितीत, न नेता पिस्टन (पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) दाबला, तर आतली यंत्रणा तुटू शकते. तारेने ओढला जाणारा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असेल, तर तो पिस्टन बहुधा फिरवत फिरवत आत न्यावा लागतो.

पॅड घेताना दुकानदाराला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगा, जमल्यास चॅसी नंबरही द्या. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलचे पॅड वेगळे असू शकतात. कंपनीचे अस्सल पॅड किंवा बॉश, राणे, टीव्हीएस गर्लिंग असे नावाजलेले, सीलबंद पाकिटातले घ्या. फुटपाथवरच्या सुट्ट्या पॅडवर दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

बाकी सामान: व्हील पाना, १२ ते १७ नंबरचे रिंग आणि बॉक्स पाने, चांगला जॅक, दोन जॅक स्टँड म्हणजे घोड्या, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा), तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, मजबूत तार किंवा सुतळी, हातमोजे, मास्क आणि चष्मा. शक्य असेल तर टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पानाही मिळवा. साधं चॅसीचं ग्रीस इथे चालत नाही, त्यातल्या खनिज तेलाने कॅलिपरची रबरं फुगतात.

गाडी उचलणं

या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग ब्रेक नाही, जॅक आहे. सोसायटीच्या रॅम्पवर, मातीत किंवा पेव्हर ब्लॉक हलत असतील तिथे हे काम करू नका. सपाट, टणक जागा हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये) आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. ब्रेक गरम असतील तर तासभर थांबा.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि खाली लगेच घोडी द्या. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. नुसत्या त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे घोडी घसरलीच तरी गाडी चाकावर बसेल.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की कॅलिपर समोर येतो. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते.

कॅलिपर आणि जुने पॅड

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा आणि पातळी बघा. पिस्टन मागे जाईल तसं तेल वर चढतं. डबी काठोकाठ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे तेल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

कॅलिपरच्या मागे वर-खाली दोन बोल्ट असतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालचा एक बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा वर उघडतो. बोल्ट फिरवताना त्याच्यामागची पिनही फिरू लागते, ती दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. कॅलिपर पूर्ण सुटा केला तर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर तो लोंबकळू देऊ नका. त्या पाइपला आतून पडलेली चीर वरून दिसत नाही.

जुने पॅड ओढून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून नीट बघा. ब्रेकची अख्खी तब्येत इथे कळते. दोन्ही जवळजवळ सारखे झिजले असतील तर उत्तम. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकतोय. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर एखादी पिन जाम आहे किंवा पॅडचे कान, म्हणजे दोन टोकं, ब्रॅकेटमध्ये (कॅलिपर आणि पॅड धरणाऱ्या लोखंडी चौकटीत) गंजून बसलेत. कारण न शोधता नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजणार.

आता डिस्क. दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. कडेला बारीक उंचवटा असणं साहजिक आहे, पण नख अडकेल अशा खोल चऱ्या, तडे किंवा निळसर जळके डाग असतील तर डिस्क मेकॅनिकला दाखवा. डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. व्हर्निअर कॅलिपर नावाच्या मोजमापाच्या साधनाने (ब्रेकचा कॅलिपर वेगळा) मोजून जाडी त्याहून कमी भरली तर डिस्क बदलायचीच.

पिना

इथे घाई करू नका. ब्रॅकेटमधून एकेक पिन ओढून काढा. कोणती पिन वरची, कोणती खालची हे लक्षात ठेवा, कारण काही गाड्यांत एकीला टोकाशी रबरी बुश असतो आणि अदलाबदल चालत नाही. बरेच दिवस झालेले असतील तर पिनेवर ग्रीसच्या जागी तपकिरी, चिकट थर दिसेल. तो कापडाने आणि क्लीनरने पूर्ण पुसा, पिनेचं भोकही साफ करा. गंजाचे खड्डे पडले असतील तर पिन नवीनच घ्या. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ, सगळीकडे सारखा थर लावून पिन बसवा. भोकात ग्रीस कोंबून भरू नका, आत हवा अडकून पिन परत बाहेर ढकलली जाते. शेवटी पिनेवरचं रबरी बूट खाचेत पक्कं बसलंय ना ते बघा. पिन बोटाने ढकलली की हलक्या, एकसारख्या चालीने आत-बाहेर व्हायला हवी. अशी पिन ज्या कॅलिपरला आहे, तिथले दोन्ही पॅड बरोबरीने झिजतात.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात त्या स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने घासा. समुद्राजवळच्या गाड्यांत इथे गंजाचे पापुद्रेच पापुद्रे निघतात. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, ती फुप्फुसात जाते. क्लीनर फवारून ओल्या चिंधीने टिपा. नव्या पॅडबरोबर नव्या क्लिपा आल्या असतील तर त्याच लावा.

पिस्टन मागे नेणं आणि जोडणी

पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं असेल किंवा तिथे तेलाचा ओलावा दिसला, तर इथेच थांबा. कॅलिपर उघडण्याचं काम मेकॅनिकचं. सगळं कोरडं असेल तर जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा, त्यावर सी-क्लॅम्प लावा आणि पाव-पाव फेऱ्याने आवळा. पिस्टन सावकाश, न अडखळता आत शिरला पाहिजे. मध्येच उठून डबीतलं तेल बघत राहा. पिस्टन आत जायलाच तयार नसेल तर जोर करू नका.

नवे पॅड क्लिपांमध्ये हाताने सरकवा. किंचाळणारी जीभ असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला. पॅडच्या कानांना आणि मागच्या पट्टीला ग्रीसचं नुसतं बोट लावा. घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. डिस्कला हात लागला असेल तर क्लीनरने पुसा. कॅलिपर खाली आणून बोल्ट आधी हाताने आट्यांत घ्या, मग पाना लावा. हे बोल्ट छोटे असतात, छोट्या गाड्यांत साधारण २२ ते ३५ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, माप) इतकेच आवळावे लागतात. अंगातला जोर काढून आवळले तर आटे जातात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा घ्या.

चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने बसवा, गाडी खाली घ्या आणि मग शेवटचं आवळा. हा टॉर्क बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते १२५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. दुसरी बाजूही अशीच.

गाडी हलवण्याआधी

दोन्ही चाकं झाली की गाडी सुरू न करता ब्रेकचं पेडल हळूहळू दाबत राहा. पहिल्या काही वेळा पाय थेट तळाला जाईल, कारण पिस्टन मागे गेलेला आहे आणि पॅड अजून डिस्कपासून दूर आहेत. पेडल वर, टणक येईपर्यंत दाबा. ही एक गोष्ट विसरून गाडी पार्किंगमधून बाहेर काढली, तर पहिला ब्रेक लागतच नाही आणि समोर भिंत असते. मग गाडी सुरू करून पुन्हा दाबून बघा. दाबून धरल्यावर पाय हळूहळू खाली जात असेल किंवा पेडल स्पंजसारखं लागत असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

तेल किमान आणि कमाल रेषांच्या मध्ये आहे ना ते बघून झाकण लावा. भर घालायची असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि ताज्या सीलबंद बाटलीतलं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि त्यामुळे लवकर उकळतं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

नवे पॅड बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ५० किलोमीटरवरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर देऊन. नंतर काही किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं तर पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. त्या आठवड्यात आंबोली किंवा ताम्हिणी घाट उतरायचा बेत असेल तर पुढे ढकला.

पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ नाही ना तेही बघा. जुने पॅड भंगारात द्या. काढलेलं ब्रेक ऑइल मात्र गटारात न ओतता बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाकायला द्या. सर्व्हिस बुकमध्ये तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी टायर रोटेशनसाठी चाक निघेल तेव्हा पॅडची जाडी बघून घ्या, दोन्ही बाजूंची, आतली आणि बाहेरची.