कर्जातून सुटताना आणि दुसऱ्याला सोडवताना: या चुका टाळा

उसाचं बिल जमा झालं की घरात एकदम तीन याद्या निघतात: दुकानाची उधारी, पोराची गाडी, पाहुण्यांचं लग्न. बहुतेकांचं सोसायटीचं पीककर्ज बिलातूनच वळतं होतं. त्यामुळं उरलेली रक्कम मोकळी वाटते आणि पहिली चूक तिथंच होते. ती पुढच्या तोडीपर्यंत पुरवायची असते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळावी असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात ती कधी मिळते हे कागल-शिरोळच्या शेतकऱ्याला विचारा. म्हणून दोन महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढा. दर महिन्याचे हप्ते दुधाच्या बिलावर किंवा पगारावर बसवा, आणि उसाचा पैसा आला त्याच दिवशी सर्वांत महाग कर्जात घाला.

महाग कर्ज कोणतं, इथं दुसरी चूक. आपण आधी त्याचे पैसे देतो ज्याच्यासमोर मान खाली जाते. मेहुण्याचे बिनव्याजी हातउसने फिटतात आणि सावकाराचं व्याज चालूच राहतं. 50,000 रुपयांवर महिना 5 टक्के म्हणजे 2,500 रुपये. वर्षाला 30,000 गेले तरी मुद्दल जागच्या जागी. तेच 50,000 बँकेत सोनं तारण ठेवून वर्षाला 12 टक्क्यांनी काढले, तर महिन्याचं व्याज 500 होतं. मात्र ते पैसे घेऊन थेट सावकाराकडंच जा. वाटेत खर्च झाले तर दोन कर्जं झाली, आणि हे मी गंमतीनं म्हणत नाही. मेहुण्याला तारीख सांगून थांबवा. तो रागावेल, पण व्याज लावणार नाही.

सावकाराकडं परवाना आहे का, हेही बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. कोऱ्या स्टॅम्पवर आणि कोऱ्या चेकवर सही मात्र कधीच नको.

आता दुसऱ्याला मदत. आपल्याकडं मदत म्हणजे जामीनकी. 'सहीच करायची आहे की' म्हणत माणसं पतसंस्थेत अंगठे उमटवतात. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली सरळ तुमच्या दारात येऊ शकते. त्यापेक्षा अर्धा दिवस द्या. त्याच्या घरी वही घेऊन बसा. कुणाचं किती, व्याज किती, तारीख कोणती ते लिहून काढा. बायकोला शेजारी बसवा, कारण निम्मी उधारी तिलाच माहीत असते. उपदेश करू नका, चहा घ्या. रोख द्यायचीच असेल तर परत न आल्यास चालेल एवढीच द्या.

बचत गट काढत असाल तर फक्त कर्जासाठी काढलेला गट कर्ज मिळालं की पुन्हा बैठकीला बसत नाही, हे ध्यानात ठेवा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते. गट मोडतो तो हिशेबावर. वही एकीच्याच घरी राहते आणि बाकीच्या विचारायला संकोचतात. वही दर तीन महिन्यांनी दुसरीकडं द्या, बैठक उठण्याआधी मोठ्यानं वाचा, आणि थकलेला हप्ता अध्यक्षांच्या जावेचा असला तरी तिच्या नावासमोर तसाच लिहा.