ई-पीक पाहणीचा अभ्यास करायचाय? बांधावर दोघांनी जा

ई-पीक पाहणीवर प्रकल्प करणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा वाटणी ठरवूनच. संगणकवाले ॲप बघणार, समाजशास्त्रवाले गावात फिरणार, शेवटी दोन्ही अहवाल एकत्र बांधणार. ही वाटणी आधी मोडा. दोघांनी मिळून एकाच नोंदीचा माग काढायचा: बांधावरच्या फोटोपासून सातबाऱ्यापर्यंत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवायचं, अशी ही सोय. त्याआधी पीकपेरा तलाठी लिहायचे. कॉलेजातल्या आपल्या विभागाचं पत्र घेऊन आधी त्यांना भेटा (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच चालतं). मग सोयाबीन उभं असेपर्यंत शेत गाठा, काढणीनंतर बघायला काही उरत नाही.

'तुम्ही ॲप वापरता का?' हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका, सगळे हो म्हणतात. 'फोटो कोणी काढला, बटण कोणी दाबलं?' असं विचारा. मग बारावीतला पुतण्या निघतो, नाहीतर सेवा केंद्रातला पोरगा. सातबाऱ्यावर नाव आईचं आणि तिने तो फोन हातातही धरलेला नाही, असंही निघतं. संगणकवाल्याने तेव्हा जीपीएस कुठे अडतं, रेंज नसताना नोंदीचं काय होतं ते टिपावं. दुसऱ्याने शेजारी कोण उभं आहे आणि कोण गप्प आहे ते.

खरी गोम बटईत, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसण्यात आहे. सातबारा एकाचा, पेरा दुसऱ्याचा. नोंद मात्र खातेदाराच्या नावाने होते, आणि हमीभावाने सोयाबीन घालायला गेलं की हीच नोंद बघतात. सर्व्हरवरचा सगळा डेटा हाती आला तरी बटईदार त्यात सापडत नाही. थेट विचारलं तर मालक कानावर हात ठेवतो, कारण कूळ कायद्याची, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल याची धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून 'शेत बटईने दिलंय का?' असं कधीच विचारू नका. 'बी-खताचा खर्च यंदा कोणी केला?' असं विचारा, तेही मालक आणि बटईदार दोघांना वेगवेगळं गाठून.

हे कळल्यावर जपायची जबाबदारी तुमची. वहीत गट नंबर लिहू नका. सातबारा ऑनलाइन कुणीही बघतं, गाव आणि गट नंबर मिळाला की नाव उघडं पडतं. स्वतःचे खुणेचे आकडे ठेवा, स्क्रीनच्या फोटोतलं नाव कापा. संमती मागताना अर्ज वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका.

टिपणं त्याच संध्याकाळी दोघांनी एका फाइलमध्ये लिहायची. भांडण होईल, होऊ द्या. एकजण म्हणेल ॲप अडलं, दुसरा म्हणेल माणूस बिचकला. दोन्ही लिहून ठेवा.

गुढीपाडव्यानंतर त्याच शेतांवर पुन्हा एक फेरी मारा. बटईचे व्यवहार बऱ्याच गावांत तेव्हाच बदलतात.