कुंपणालगत भाजी लावताय? आधी माती तपासा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी अळू इतका माजायचा की श्रावणात घरोघरी वड्या व्हायच्या. एकदा तिथं आळं मोठं करायला खणलं, तर फुटक्या टाइल्स, रंगाचे पोपडे आणि जळक्या केबलचे तुकडे निघाले. तेव्हापासून त्या जमिनीत खायचं काही लावत नाही.

सुरुवात जागेच्या चौकशीने करा. भराव कशाचा, इथं कचरा जाळायचे का, हे जुन्या रहिवाशांना विचारा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून कारखाने आहेत. शिसं हा विषारी धातू मिसळलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण गाड्यांच्या धुरातून मातीत पडलेलं शिसं कुजत नाही. ते वरच्या काही इंचांत तसंच राहतं.

मग नमुना घ्या. पाचसहा ठिकाणी पालापाचोळा सारून सहा इंच खोलीपर्यंतची माती काढा, प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा. त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या आणि ‘जड धातू’ तपासायला स्पष्ट सांगा: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम. शेतकऱ्यांच्या नेहमीच्या माती परीक्षणात सामू (पीएच), नत्र, स्फुरद, पालाश कळतं, शिसं नाही. तुलनेसाठी, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घराभोवतीच्या मातीतल्या शिशाची इशारा-पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर (मातीच्या दहा लाख भागांत २०० भाग) आणली.

आकडा जास्त आला तर जमिनीवर जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती अडवणारं कापड) अंथरून फूटभर उंच वाफा करा, त्यात नवी माती आणि भरपूर कंपोस्ट घाला. टोमॅटो, वांगी, दुधी यांच्या फळांत शिसं कमी उतरतं. पालक, माठ, मुळा, गाजर मात्र टाळा. नाल्याचं पाणी तर कधीच नको.

सगळ्यात जास्त जपायचं ते मुलांना. शिसं भाजीपेक्षा धुळीतून आणि मातीच्या हातांतून जास्त पोटात जातं. सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि ‘एवढं चालेल’ असं प्रमाणच नाही. म्हणून उघडी माती पाल्याने झाका, बागेतल्या चपला दाराबाहेर काढा, खाण्याआधी साबणाने नखांपर्यंत हात धुवा. मूल माती खात असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

आमचा अळू आता ड्रममध्ये वाढतो. भंगारवाल्याकडून निळा ड्रम घेताना मात्र त्यात आधी काय होतं ते विचारा. खाद्यपदार्थांचा असेल तरच घ्या. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नको.